दमलेल्या पेशीची बाजू

तंजावूरच्या मेलवीदीत माझ्या बायकोच्या मामांचं घर आहे. मामा निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. सरकारी रुग्णालयात उभी हयात बायॉप्सीच्या काचा बघण्यात गेली. माडीवर अजून मायक्रोस्कोप आणि काचांच्या लाकडी पेट्या आहेत. त्यांची भाची नवी मुंबईत टी पेशींवर पीएचडी करते. ती सुट्टीला आली की दोघांचं जुंपतं. या खेपेला सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं बघण्यासाठी मी तिथे मुक्कामाला होतो, त्यामुळे त्यांच्या भांडणाला एक श्रोता मिळाला. घरातलं बोलणं तंजावरी मराठीत, मधूनमधून तमिळ, आणि विषयच तसा असल्यामुळे इंग्रजी पावलोपावली. इथे ते मी आपल्या नेहमीच्या मराठीत उतरवलं आहे.

वादाचा मुद्दा असा. कर्करोगाच्या गाठीशी लढता लढता टी पेशी दमतात, आणि त्यांनी कधी, किती दमायचं हे पेशीच्या केंद्रकातले काही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ठरवतात. मग ते फॅक्टर बदलून न दमणारी टी पेशी घडवावी का? भाची म्हणते, घडवावीच. मामा म्हणतात, ती दमते कशासाठी हे आधी बघा.

मामांनी पहिली काच लावली ती तोंडाच्या कर्करोगाची. भारतातल्या पुरुषांत हाच कर्करोग आघाडीवर आहे आणि त्यांच्या पेट्यांतल्या बऱ्याचशा काचा त्याच्याच. गालाच्या आतल्या बाजूचा तुकडा होता. मलाही डोळा लावायला दिला. गुलाबी रंगाची वेडीवाकडी बेटं, त्यांच्या पोटात केराटिनचे गोल थर, ज्यांना पॅथॉलॉजीवाले मोती म्हणतात; आणि बेटांच्या कडेकडेने निळ्याजांभळ्या बारीक ठिपक्यांची दाटी. एकेक ठिपका म्हणजे एकेका लिम्फोसाइटचं केंद्रक; टी पेशी या लिम्फोसाइटांतल्याच. भोवतीचा पेशीरस इतका थोडा की दिसतच नाही.

"ही दाटी बघ," मामा भाचीला म्हणाले. "रिपोर्टात आम्ही एक ओळ लिहायचो, कडेला लिम्फोसाइट भरपूर. पुढे कोणी काही विचारत नसे. पण बघणाऱ्याला कळायचं, या पोचल्या आहेत आणि थांबल्या आहेत."

"काही आतही शिरतात, मामा. आत शिरूनही काही करत नाहीत, तो जास्त मोठा प्रश्न आहे."

तिने सांगितलेला इतिहास थोडक्यात असा. १९९८ मध्ये अमेरिकेत रफी अहमद यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये एक गोष्ट दाखवली. विषाणू शरीरात ठाण मांडून बसला की त्याला ओळखणाऱ्या टी पेशी नाहीशा होतातच असं नाही. त्या असतात, सक्रिय दिसतात, पण कामाच्या उरत नाहीत. पुढे गाठींमध्येही हेच आढळलं. लक्ष्य डोळ्यांसमोर रात्रंदिवस, क्षणाची उसंत नाही, आणि काही आठवड्यांत पेशीचा कारभार पालटतो. आधी इंटरल्यूकिन-२ बनेनासं होतं, मग टीएनएफ, शेवटी इंटरफेरॉन-गॅमा. पृष्ठभागावर टी पेशीला आवरणारं पीडी-१ नावाचं प्रथिन चढतं ते उतरतच नाही.

"आणि हा पालट वरवरचा नसतो," भाची म्हणाली. "ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच बदललेले असतात."

हा शब्द तोवर इतक्या वेळा येऊन गेला होता की मला मध्ये तोंड घालावंच लागलं. भाचीने माझ्याच कामाचा दाखला काढला.

"भावोजी, तुम्ही तिकडे मोडीचे रुमाल सोडून बघताय ना? असं समजा, प्रत्येक पेशीत अख्खं दप्तर आहे. डोळ्याच्या पेशीत तेच, यकृताच्या पेशीत तेच, टी पेशीत तेच. प्रथिनं बनवणाऱ्या सुमारे २०,००० जनुकांच्या नोंदी. पण डोळ्याच्या पेशीला यकृताचे रुमाल सोडायचं कारण नाही. कुठला रुमाल सोडायचा, कुठल्या नोंदीची नक्कल करून कामाला पाठवायची, हे ठरवणारे कारकून म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. तीही प्रथिनंच. डीएनएवर ठरावीक अक्षरांचा क्रम दिसला की तिथे बसतात आणि जवळपासचं जनुक वाचायला लावतात, किंवा वाचू देत नाहीत. माणसात असे सुमारे १,६०० आहेत."

"आणि हे कारकून आले कुठून?" मामांनी विचारलं. "त्याच दप्तरातून. कारकुनाच्या नेमणुकीची सनदसुद्धा एका रुमालात बांधलेली आहे, आणि तो रुमाल सोडायला दुसरा कारकून लागतो. तेव्हा हा दाखला इथपर्यंतच. दप्तरात हुकूम वरून येतो. पेशीत वर कोणी बसलेलंच नाही. एकमेकांना नेमणारे आणि एकमेकांना बडतर्फ करणारे कारकून, बस. त्यातला एक काढलास की किती हलतील याची तुला कल्पना नसते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे."

मला वाटतं, त्या दिवसांत दोघांनी मिळून जे काही सांगितलं त्यातलं सर्वांत नेमकं वाक्य हेच होतं. पुढचा सगळा वाद याच वाक्याभोवती फिरला.

भाचीने एनफॅटपासून सुरुवात केली. टी पेशीने लक्ष्य ओळखलं की पेशीत कॅल्शियम शिरतं. कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं. ते पेशीरसात स्वस्थ पडलेल्या एनफॅटवरचे फॉस्फेट काढून टाकतं, आणि मोकळा झालेला एनफॅट केंद्रकात शिरतो. तिथे त्याला एपी-१ नावाचा जोडीदार भेटला, म्हणजे फॉस आणि जून या दोन प्रथिनांची जोडी, की दोघे मिळून लढायची जनुकं वाचायला लावतात.

"हे मला शिकवू नकोस," मामा हसले. "एनफॅटचं नाव ऐकण्याच्या आधीपासून आम्ही त्याला अडवत आलो आहोत. सायक्लोस्पोरिन काय करतं? टॅक्रोलिमस काय करतं? कॅल्सिन्युरिन बंद पाडतं. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला रोज ती गोळी घ्यावी लागते, नाहीतर त्याच्या टी पेशी नवं मूत्रपिंड खाऊन टाकतील. आणि अशा माणसांना त्वचेचे कर्करोग, लिम्फोमा जास्त होतात, हेही आम्ही बघितलं आहे. एका कारकुनाला दाराबाहेर ठेवल्याची ती किंमत."

"बरोबर. म्हणजे हे फॅक्टर कर्करोगाला अडवतात, हे तुमच्याच अनुभवातून सिद्ध झालं. आता पुढचं ऐका. एनफॅट केंद्रकात आला, पण एपी-१ पुरेसा नाही. गाठीत हेच होतं. एकटा पडलेला एनफॅट मग वेगळेच रुमाल सोडतो. त्यांतून एनआर४ए आणि टॉक्स हे फॅक्टर बनतात, आणि पेशी दमण्याच्या वाटेला लागते. अंजना राव यांच्या प्रयोगशाळेने हे टप्प्याटप्प्याने उलगडलं." अंजना राव आणि रफी अहमद दोघेही हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, ही माहिती तिने जाता जाता दिली. मामांचा चेहरा थोडा खुलला. दक्षिणेचा अभिमान.

"मग उपाय सरळ आहे," भाची पुढे म्हणाली. "जोडीदार कमी पडतोय, तर जोडीदार पुरवा. २०१९ मध्ये स्टॅनफर्डला क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने कार-टी पेशींमध्ये, म्हणजे कर्करोग ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या टी पेशींमध्ये, सी-जूनचं प्रमाण मुद्दाम वाढवलं. त्या पेशी उंदरांमध्ये कमी दमल्या आणि गाठींवर जास्त चालल्या."

"त्याच २०१९ मध्ये टॉक्सचं काय झालं ते सांगत नाहीस."

भाची थोडी अडखळली, कारण मामांनी नेमका तोच धागा ओढला होता. त्या वर्षी अनेक गटांनी एकाच सुमाराला दाखवलं की दमलेल्या पेशीची ओळख टॉक्स हा फॅक्टर घडवतो. पीडी-१ त्याच्यामुळे चढतं, आणि दप्तरातल्या कुठल्या गाठी सुटणार, कुठल्या आवळल्या जाणार हेही बरंचसं तोच ठरवतो. साहजिकच सगळ्यांनी टॉक्स काढून बघितला. दमण्याच्या खुणा गेल्या. पेशी मात्र ताज्या झाल्या नाहीत. गाठीतल्या पेशी निकामीच राहिल्या आणि टिकल्या नाहीत. जुनाट विषाणू असलेल्या उंदरांमध्ये टॉक्स नसलेल्या टी पेशींनी सुरुवातीला उंदराच्याच शरीराची जास्त नासधूस केली, आणि मग त्या स्वतः संपल्या.

"म्हणजे दमणं हा तिचा जगण्याचा मार्ग आहे," मामा म्हणाले. "समोरचा शत्रू संपत नाही, मरेपर्यंत लढलं तर आपलंच घर जळतं. मग ती आवाज खाली आणते, थोडं काम करत राहते, पण जिवंत राहते. तुम्ही लोक याला बिघाड समजून दुरुस्त करायला निघालात."

"दुरुस्त करायला नको? रोगी मरतो आहे, मामा. पेशी शहाणपणाने वागते आहे, एवढं समाधान त्याला पुरेल?"

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. काच बदलण्याच्या निमित्ताने ते उठले. मला तरी भाचीचा हा प्रश्न साऱ्या वादातला सर्वांत खरा वाटला. उत्क्रांतीचा हिशेब प्रजातीसाठी असतो. गालात गाठ घेऊन आलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो.

मामा परत आले ते एनआर४ए घेऊन. तेही २०१९ चंच काम. एनआर४ए घराण्यातले तिन्ही फॅक्टर काढलेल्या कार-टी पेशी उंदरांमधल्या घन गाठींवर चांगल्या चालल्या होत्या. "पण त्याच घराण्यातले एनआर४ए१ आणि एनआर४ए३ दोन्ही नसलेल्या उंदरांना रक्ताचा तीव्र मायलॉइड कर्करोग होतो, हे २००७ पासून माहीत आहे. जो फॅक्टर टी पेशीला आवरतो, तोच दुसरीकडे रक्तपेशीला कर्करोगी होण्यापासून आवरतो. एक कर्करोग मारायला निघालात आणि वाटेत दुसऱ्याचं दार उघडं टाकलंत तर? २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कार-टी उपचारांवर टी पेशींच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापायला लावला, तो उगाच?"

"उगाच नाही. पण अशा घटना फार थोड्या आहेत, आणि उपचाराने वाचलेले खूप. २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने या उपचारांवरची काही जास्तीची बंधनं उठवलीही. आणि मी मायलॉइड पेशीतून एनआर४ए काढत नाहीये, बाहेर काढलेल्या पक्व टी पेशीतून काढते आहे. तुम्ही उंदराच्या अख्ख्या शरीरातून काढल्याचा दाखला देताय."

"हा फरक मान्य. धोका मात्र शून्य झाला नाही."

"शून्य धोक्याचं औषध तुम्ही लिहून दिलंय कधी?"

"मी पॅथॉलॉजिस्ट. मी औषध लिहूनच दिलं नाही," मामा म्हणाले, आणि दोघेही हसले.

यानंतर थोडा वेळ वाद कमी आणि एकमत जास्त झालं, म्हणून तो भाग आटोपशीर सांगतो. फॉक्सओ१ हा फॅक्टर स्मरणपेशी, म्हणजे शत्रू लक्षात ठेवून दीर्घकाळ टिकणाऱ्या टी पेशी, घडवण्यात महत्त्वाचा आहे. २०२४ मध्ये मेलबर्नच्या आणि अमेरिकेतल्या, अशा दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की कार-टी पेशींत फॉक्सओ१ वाढवला तर त्या जास्त टिकतात आणि उंदरांमध्ये गाठ जास्त चांगली आवरतात. इथे लगाम कापलेला नाही, राखीव साठा वाढवला आहे, म्हणून मामांना हे पटतं. त्याहून पटतो तो २०२१ चा प्रयोग. डॅसॅटिनिब ही ल्यूकेमियाची जुनी गोळी टी पेशीचा संकेत तात्पुरता बंद करते. ती देऊन कार-टी पेशींना काही दिवस विश्रांती दिली आणि गोळी थांबवल्यावर पेशी पुन्हा कामाला लागल्या; दप्तरातल्या आवळलेल्या गाठीसुद्धा बऱ्याच सैल झालेल्या आढळल्या. "एकही जनुक न कापता!" मामा म्हणाले. फॉक्सपी३ चा विषय निघाला तो २०२५ च्या नोबेलमुळे. मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांच्या कामातून नियामक टी पेशी आणि त्यांना घडवणारा फॉक्सपी३ जगाला कळला. शरीराला स्वतःच्याच हल्ल्यापासून वाचवणाऱ्या या पेशी गाठीत गर्दी करतात आणि बाकीच्या टी पेशींना गप्प बसवतात. मामांच्या मते हा त्यांच्या बाजूचा पुरावा, भाचीच्या मते तिच्या. मला तो दोघांच्याही कामाचा वाटला नाही.

भाचीचा खरा मुद्दा पुढे आला. "मामा, एक काढला की किती हलतील हे माहीत नाही, असं तुम्ही म्हणता. ते शोधणं हेच तर काम आहे. स्मरणपेशी आणि दमलेली पेशी यांचे पुष्कळ कारकून सामाईक आहेत, म्हणून आजवर एकाला हात लावला की दुसरीही बिघडायची. अलीकडे सॉल्क इन्स्टिट्यूट आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या लोकांनी टी पेशीच्या निरनिराळ्या अवस्थांमधल्या फॅक्टरांचा नकाशाच केला आणि फक्त दमलेल्या अवस्थेत चालणारे फॅक्टर हुडकले. झेडस्कॅन२० आणि जेडीपी२ ही त्यांतली नावं. ते काढले तर उंदरांमध्ये गाठ जास्त आवरते आणि स्मरणाची बाजू शाबूत राहते. आंधळेपणाने कापणं वेगळं, वाचून कापणं वेगळं."

"सगळे उंदीर," मामा म्हणाले. "आणि सगळे परदेशातले."

"कमल रणदिवे पुण्याच्या. त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली ती कर्करोगाच्या कामासाठीच. शुभदा चिपळूणकरांच्या गटाने खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात, गॅमा-डेल्टा टी पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं. नॉच हा रिसेप्टर तुटून त्याचा आतला तुकडा केंद्रकात जातो आणि त्या पेशींची मारक शक्ती त्यावर अवलंबून असते, हे त्यांनी २०१४ मध्ये छापलं. आणि नेक्सकार१९ तर तुम्हाला माहीतच आहे."

नेक्सकार१९ ची हकिगत मराठी वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडी सांगायला हवी. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियल सेंटरमध्ये घडलेला हा भारतातला पहिला कार-टी उपचार. रोग्याच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत सीडी१९ ओळखणाऱ्या कृत्रिम रिसेप्टरचं जनुक घालायचं, पेशी वाढवायच्या आणि पिशवीतून परत शिरेत सोडायच्या. ४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रोग्याला तो दिला गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आले: ७३ टक्के रोग्यांत प्रतिसाद. हे सगळं बी पेशींच्या रक्तकर्करोगांत. अमेरिकेत असा पहिला उपचार २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथला खर्च ३०-४० लाख रुपयांच्या घरात.

"इथला म्हणजे कुठला?" मामांनी विचारलं. "आमच्या राज्याचा मुख्यमंत्री विमा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत देतो. आणि ही काच रक्ताच्या कर्करोगाची नाही, गालाची आहे. घन गाठीत तुझी कार-टी अजून धडपडते आहे. आता माझं ऐक. त्याच टाटात विजय पाटील, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावर एक चाचणी केली. १५१ रोगी. निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि शिवाय निव्होलुमॅब. पण किती? दर ३ आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ना जनुक कापलं, ना पेशी बाहेर काढली. पीडी-१ अडवलं, बस. मला हे विज्ञान आवडतं. ते माझ्या काचेवरच्या माणसापर्यंत पोचतं."

हा मामांचा हुकमी पत्ता होता. भाचीही बहुधा त्याचीच वाट बघत होती.

"आणि उरलेले ५६.६ टक्के?"

"म्हणजे?"

"त्यांनाही तेच औषध मिळालं. ते वर्ष पुरं करू शकले नाहीत. का? निव्होलुमॅब दमलेल्या पेशीला उठवतं असं आपण सर्रास म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. पीडी-१ अडवलं तरी पुरत्या दमलेल्या पेशीच्या दप्तरातल्या गाठी तशाच राहतात. औषधाचा जोर ओसरला की ती पुन्हा थकते. मग काम कोण करतं? २०१६ मध्ये रफी अहमद यांच्या गटाने दाखवलं, पीडी-१ अडवल्यावर जी नवी फौज उभी राहते ती टीसीएफ-१ हा फॅक्टर असलेल्या थोड्याशा पेशींतून येते. त्या स्वतः फारसं मारत नाहीत. राखीव असतात, विभागत राहतात, मारणाऱ्या पेशी पुरवत राहतात. २०१८ मध्ये मेलॅनोमाच्या रोग्यांत आढळलं की ज्यांच्या गाठीत अशा पेशी जास्त, त्यांना हे औषध जास्त लागू पडतं. म्हणजे तुमच्या स्वस्त २० मिलिग्रॅमचं भवितव्यसुद्धा एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच ठरवत असणार. तो राखीव साठा ज्याच्याकडे उरलाच नाही, त्याला तुम्ही काय देणार? त्याच्यासाठी मला पेशी घडवायची आहे."

मामा काही वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी एकदम कामाचा प्रश्न विचारला. "टीसीएफ-१ काचेवर दिसतो?"

"दिसतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची अँटिबॉडी मिळते. केंद्रकात तपकिरी रंग येतो."

"या काचांवर करता येईल?"

"या रंगवून झालेल्या काचा. मेणाचा ब्लॉक असेल तर त्यातून नवा काप घेऊन करता येईल."

"ब्लॉक माझ्याकडे नाहीत. ते रुग्णालयाचे. आणि किती जागेवर असतील, देव जाणे." मामा उठून गॅलरीत गेले आणि तिथूनच बोलत राहिले. "पण ब्लॉक मिळाला तरी तुझं भागणार नाही. हा रोगी पुढे किती जगला, कुठलं औषध घेतलं, हे माझ्या पेटीत कुठे आहे? रेडिएशनला गेला, की गावी परत गेला, आम्हाला कळायचंच नाही. काच एकीकडे, माणूस दुसरीकडे. तंजावूरच्या सरफोजी राजांनी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी करवल्या त्या भावोजींनी बघाव्यात. रोग्याची तक्रार इंग्रजीत लिहिलेली, उपचार लिहिलेले, आणि सोबत त्याच्या डोळ्याचं रंगवलेलं चित्र. दोनशे वर्षांपूर्वी. चित्र आणि रोगी एका कागदावर! त्यांच्या धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि इंग्रजी वैद्यक एकाच वेळी चालायचं, आणि काय केलं ते लिहून ठेवायचे. आम्ही मायक्रोस्कोप आणला आणि ती सवय टाकून दिली."

भाचीला सरफोजींचं कौतुक या घरात जरा जास्तच ऐकावं लागत असावं. ती म्हणाली, "राजांकडे रोगी थोडे होते, मामा. तुमच्या विभागात दिवसाला किती काचा यायच्या?" तरी मुद्दा तिला पटलेला दिसला, कारण त्या संध्याकाळी फॅक्टर बाजूला पडले आणि दोघं कुठल्या जिल्ह्यातले ब्लॉक कुठे जातात, कॅन्सर रजिस्ट्रीत काय नोंदलं जातं, परवानग्या कोणाच्या लागतील, यावरच बोलत राहिली. त्यातही भांडण होतंच. मामांना आधी इथल्या रोग्यांमध्ये टीसीएफ-१ मोजून हवा होता. भाचीचं म्हणणं, मोजण्यात पाच वर्षं घालवून मग पेशी घडवायला बसायचं परवडणार नाही, दोन्ही एकदमच करायला हवं.

माझं मत विचारलं म्हणून सांगतो. पेशी घडवण्याच्या बाजूने मी भाचीबरोबर आहे. २०१० मध्ये कार-टी घेतलेल्या पहिल्या रोग्यांपैकी दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी जिवंत आणि कामाच्या सापडल्या. टी पेशी दमतेच, दमलंच पाहिजे, हा काही अटळ नियम नाही, हे त्यावरून दिसतं. पण क्रमाच्या बाबतीत मामांचं खरं आहे. घन गाठीच्या रोग्याला १,६०० पैकी कुठला फॅक्टर वाढवून द्यायचा याची चर्चा आपण परदेशी उंदरांवरून करतो, आणि तंजावूरच्या किंवा सोलापूरच्या तोंडाच्या कर्करोगातल्या टी पेशी कुठल्या अवस्थेत आहेत हे मोजण्यासाठी लागणारा, बायॉप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा आपल्याच रुग्णालयांच्या कपाटांत पडून असतो. टीसीएफ-१ ची तपासणी कार-टीच्या मानाने अगदीच स्वस्त. कमी डोसच्या निव्होलुमॅबचा उपचार पसरत जाईल तसतशी ती सोबत व्हायला हवी; तिच्याशिवाय औषध कोणाला लागू पडलं आणि कोणाला नाही, हे कळेल, पण का ते कळणार नाही.

वाचकांना एक सांगायचं आहे. घरात कोणाची बायॉप्सी झाली तर रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन थांबू नका. पॅथॉलॉजी विभागात ब्लॉकचा नंबर विचारून लिहून घ्या, तो किती वर्षं ठेवणार ते विचारा, आणि उपचार दुसऱ्या गावी करणार असाल तर ब्लॉक आणि काचा सोबत मागून घ्या. पावती देऊन बहुतेक ठिकाणी मिळतात. पुढे कुठलीही नवी तपासणी निघाली तरी ती त्याच ठोकळ्यावर होणार आहे.